प्रेक्षकाच्या हाती बटण! चित्रपटाची गोष्ट पुढे कोण नेतो?

विद्यार्थिमित्रांनो, चित्रपट पाहताना आपण मनातल्या मनात पात्रांशी बोलत असतो. "अरे, त्या दाराने जाऊ नकोस!", "आधी ते पत्र वाच!" अशा सूचना आपण नायकाला देतो. पिटातले प्रेक्षक तर कधी कधी त्या मोठ्याने ओरडूनही देतात. पण पडद्यावरच्या माणसाला त्या ऐकू येत नाहीत. त्याने काय करावयाचे हे चित्रपट तयार होतानाच ठरलेले असते.

आता समजा, त्याला आपले म्हणणे ऐकू आले तर? तुमच्या खुर्चीला दोन बटणे आहेत, एक हिरवे आणि एक लाल. चित्रपट ऐन रंगात आला असताना मध्येच थांबतो आणि तुम्हाला विचारले जाते, "नायकाने आता काय करावे?" बहुसंख्य प्रेक्षक जे बटण दाबतील त्याप्रमाणे गोष्ट पुढे सरकते. असे चित्रपट खरोखरच तयार झालेले आहेत. इंग्रजीत त्यांना 'इंटरॅक्टिव्ह सिनेमा' म्हणतात. आपण त्यांना 'सहभागी चित्रपट' म्हणू. ते चालतात कसे, त्यांमागचे गणित काय आणि त्यांत गोष्ट खरोखर कोण घडवतो, हे या लेखात पाहू.

मॉन्ट्रियलचे बटणांचे चित्रपटगृह

१९६७ साली कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात एक मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. अनेक देशांनी तेथे आपापली दालने उभारली होती. झेकोस्लोव्हाकियाच्या दालनात एक लहानसे चित्रपटगृह होते. त्याचे नाव 'किनोऑटोमॅट'. त्यात १२७ खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीला एक हिरवे व एक लाल बटण बसविलेले होते. ही कल्पना रादूझ चिंचेरा या दिग्दर्शकाची. तेथे दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटाचे नाव होते 'एक माणूस आणि त्याचे घर'.

चित्रपटाच्या आरंभीच एक इमारत आगीने पेटलेली दिसते. तेथे राहणारे नोव्हाक नावाचे गृहस्थ म्हणतात, "हे सारे माझ्यामुळेच झाले असावे." मग गोष्ट मागे जाते आणि आग लागण्यापूर्वी काय काय घडले ते दिसू लागते. नोव्हाक यांच्यापुढे लवकरच एक पेच उभा राहतो. शेजारची तरुणी, अंगाला नुसता टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत, दार लागल्यामुळे बाहेर अडकली आहे. नोव्हाक यांची पत्नी आता घरी परतण्याच्या बेतात आहे. शेजारणीला घरात घ्यावे की नाही?

येथे चित्रपट थांबे. दिवे लागत आणि रंगमंचावर साक्षात नोव्हाकच येऊन उभे राहत! म्हणजे ती भूमिका करणारे नट मिरोस्लाव हॉर्नीचेक. ते प्रेक्षकांशी गप्पा मारत आणि त्यांना बटण दाबायला सांगत. पडद्याच्या कडेने खुर्च्यांचे क्रमांक मांडलेले होते. ज्याने जे बटण दाबले त्याप्रमाणे त्याचा क्रमांक हिरवा किंवा लाल उजळे. त्यामुळे आपले मत नोंदले गेले, हे प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे. मोजणी होई, दिवे मालवत आणि बहुमताने निवडलेले दृश्य सुरू होई. एका खेळात असे नऊ वेळा घडे.

नऊ प्रश्नांचे गणित

आता कागद आणि पेन्सिल घ्या. प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि प्रत्येक उत्तरानंतर गोष्ट वेगळ्या वाटेने जाते असे समजू. पहिल्या प्रश्नानंतर दोन वाटा होतील. त्या प्रत्येकीवर दुसरा प्रश्न, म्हणून चार वाटा. मग आठ, सोळा, बत्तीस... नवव्या प्रश्नानंतर किती? दोनचा नववा घात, म्हणजे ५१२.

आता या चित्रपटासाठी किती तुकड्यांचे चित्रण करावे लागेल ते पाहा. आरंभीचा १, मग २, मग ४, असे करीत शेवटी ५१२. यांची बेरीज १०२३ येते. प्रत्येक तुकडा पाच मिनिटांचा धरला, तर एकंदर ५११५ मिनिटे, म्हणजे ८५ तास १५ मिनिटे एवढे चित्रण हवे! आणि एका खेळाला बसलेला प्रेक्षक त्यातले पाहणार किती? फक्त दहा तुकडे, म्हणजे ५० मिनिटे. उरलेले १०१३ तुकडे त्याच्या दृष्टीने वाया. एवढा खर्च कोणता निर्माता करील?

वडाच्या झाडाची कल्पना करा. प्रत्येक फांदीला दोन फांद्या फुटत गेल्या, तर थोड्याच वेळात झाड आकाशात मावणार नाही. सहभागी चित्रपट तयार करणाऱ्या प्रत्येकापुढे ही अडचण उभी राहिली. यंत्रे बदलली तरी हे गणित बदलले नाही.

फांद्या पुन्हा एकत्र

चिंचेरा यांनी ती अडचण कशी सोडविली? किनोऑटोमॅटच्या प्रक्षेपण-खोलीत दोन प्रक्षेपक एकाच गतीने, एकमेकांच्या बरोबर चालत. एकावर एका पर्यायाची फीत, तर दुसऱ्यावर दुसऱ्या पर्यायाची. एका प्रक्षेपकाचे भिंग उघडे असे, दुसऱ्याच्या भिंगावर झाकण. मतदानाचा निकाल कळला की गरजेप्रमाणे एकाचे झाकण काढून दुसऱ्यावर लावायचे! बाकी बटणे, दिवे आणि मोजणी कितीही आधुनिक दिसली, तरी गोष्टीची दिशा बदलण्याचे काम एक झाकण करीत होते.

पण फिती तर दोनच. मग ५१२ वाटा त्यांत मावल्या कशा? युक्ती अशी की, प्रत्येक प्रश्नानंतर फुटलेल्या दोन वाटा पुढच्या प्रश्नापाशी पुन्हा एकत्र येत. शेजारणीला घरात घेतले काय किंवा न घेतले काय, थोडा वेळ वेगळी गंमत घडे आणि नोव्हाक त्याच पुढच्या पेचापाशी येऊन पोहोचत.

आता पुन्हा हिशेब करा. आरंभीचा एक तुकडा आणि नऊ प्रश्नांचे प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण १९ तुकडे. पाच मिनिटांप्रमाणे ९५ मिनिटे. कोठे ८५ तास आणि कोठे ९५ मिनिटे! यात एक मौज अशी की, तुकडे १९ असले तरी ते पाहण्याचे क्रम ५१२ च राहतात, कारण नऊ वेळा दोहोंपैकी एक निवडायचे आहे. सोमवारच्या आणि मंगळवारच्या प्रेक्षकांनी वेगवेगळी बटणे दाबली, तर त्यांनी पाहिलेले चित्रपट खरोखरच वेगळे असत.

पण शेवट? शेवट एकच. कोणीही काहीही निवडले तरी इमारतीला आग लागायची ती लागेच! आरंभी दाखविलेली आग हा त्या चित्रपटाचा ठरलेला शेवट होता. एका खेळात हे कोणाच्या ध्यानात येणे कठीण. दुसऱ्यांदा जाऊन उलटी बटणे दाबावीत, तेव्हा कोठे संशय येणार.

चिंचेरा यांनी हे केवळ पैसे वाचविण्यासाठी केले नव्हते. मत विचारायचे, ते मोजल्याचे सर्वांना दाखवायचे आणि निकाल मात्र आधीच ठरलेला ठेवायचा, अशा देखाव्याची ती थट्टा होती. पुढे हा चित्रपट प्राग शहरात दाखविला जाऊ लागला, पण १९७२ मध्ये तेथील कम्युनिस्ट राजवटीने त्यावर बंदी घातली. २००७ मध्ये चिंचेरा यांच्या कन्येच्या प्रयत्नाने तो प्रागमध्ये पुन्हा प्रेक्षकांपुढे आला.

वेताळाची युक्ती

वेताळपंचविशी तुम्ही वाचलीच असेल. वेताळ गोष्ट सांगता सांगता थांबतो आणि विक्रम राजाला विचारतो, "सांग, यात दोष कोणाचा?" उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होणार. बोलला तर मौन मोडले म्हणून वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळणार. राजाच्या उत्तरात शहाणपण असते, पण त्या उत्तराने वेताळाचा मार्ग बदलत नाही. प्रत्येक गोष्टीनंतर आपण पुन्हा त्याच झाडाखाली!

सहभागी गोष्टींत ही युक्ती निरनिराळ्या रूपांत दिसते. तिचे काही नमुने पाहू.

पहिला प्रकार, प्रश्न अगदी शेवटी विचारणे. अमेरिकन लेखिका आयन रँड यांचे 'नाइट ऑफ जानेवारी सिक्स्टीन्थ' हे नाटक १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. त्यात न्यायालयातील खटला आहे. प्रेक्षकांतील बारा जणांना पंच म्हणून रंगमंचावर बसवितात आणि आरोपी दोषी की निर्दोष, हे त्यांनी ठरवायचे. त्याप्रमाणे दोन वेगळे शेवट लिहिलेले आहेत. येथे निवड खरी आहे आणि खर्चही थोडा, कारण फांदी फुटते ती झाडाच्या टोकालाच.

दुसरा प्रकार, विचारायचे पण दुसरी वाट दाखवायचीच नाही. १९६१ च्या 'मिस्टर सार्डोनिकस' या अमेरिकन भयपटात निर्माते विल्यम कॅसल स्वतः पडद्यावर येतात. खलनायकाला दया दाखवायची की शिक्षा द्यायची, असे ते प्रेक्षकांना विचारतात. त्यासाठी प्रेक्षकांना अंधारात चमकणारे, अंगठ्याचे चित्र असलेले कार्ड दिलेले असे. कॅसल मते मोजल्यासारखे करतात आणि निकाल देतात, शिक्षा! दयेचा शेवटही आपण चित्रित केला होता असे कॅसल म्हणत, पण तो आजवर कोणाला सापडलेला नाही.

तिसरा प्रकार, 'चुकीचे' उत्तर देणाऱ्याला मागे पाठविणे. त्यासाठी अर्थातच वेगळे यंत्र हवे होते.

रिळापासून तबकडीपर्यंत

चित्रपटाची फीत रिळावर गुंडाळलेली असते. दहाव्या मिनिटावरून चाळिसाव्या मिनिटावर जायचे तर मधली सारी फीत पुढे सरकवावी लागते. कागदाच्या लांब गुंडाळीवर लिहिलेली पोथी आणि पानांचे पुस्तक यांत जो फरक, तोच येथे. पुस्तकाचे हवे ते पान झटकन उघडता येते.

१९७८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या लेझर तबकडीने चित्रपटाला असे 'पानांचे पुस्तक' बनविले. तिच्या एका प्रकारात एका बाजूवर सुमारे ५४,००० चित्रचौकटी मावत. प्रत्येक चौकटीला क्रमांक असल्याने यंत्राला थेट हव्या त्या चौकटीवर जाता येई. १९८३ मध्ये या तबकडीवर चालणारा 'ड्रॅगन्स लेअर' हा खेळ आला. त्यात खेळणाऱ्याने योग्य क्षणी योग्य दिशा दिली तर नायक वाचे, नाहीतर प्राणास मुके. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'आय ॲम युअर मॅन' हा सुमारे वीस मिनिटांचा चित्रपट दाखविला गेला. त्यात खुर्चीवर तीन बटणे होती आणि बहुमताने गोष्ट पुढे जाई.

येथे बहुमताचीही एक अडचण लक्षात घ्या. १२७ पैकी ६४ जणांनी हिरवे आणि ६३ जणांनी लाल बटण दाबले, तर ६३ प्रेक्षकांना नको असलेला प्रसंग पाहावा लागतो! घरोघरी संगणक आणि इंटरनेट आल्यावर ही अडचण दूर झाली. प्रत्येक जण आपापल्या पडद्यासमोर एकटाच बसू लागला.

२८ डिसेंबर २०१८ रोजी नेटफ्लिक्स या कंपनीने 'ब्लॅक मिरर : बँडरस्नॅच' हा चित्रपट प्रदर्शित केला. त्यात निवडीसाठी दहा सेकंद मिळत. चित्रपट न थांबता चालू राही आणि दहा सेकंदांत काही निवडले नाही तर यंत्र स्वतःच एक वाट धरी. त्यात सुमारे १५० मिनिटांचे चित्रण २५० तुकड्यांत विभागलेले होते. म्हणजे सरासरी तुकडा किती सेकंदांचा? भागाकार करून पाहा, ३६ सेकंद येतील.

या चित्रपटाचा नायक संगणकावर खेळ तयार करणारा एक तरुण आहे. आपले निर्णय दुसराच कोणीतरी घेत आहे, अशी शंका त्याला येऊ लागते. आरंभी एक कंपनी त्याला आपल्या कार्यालयात येऊन काम करण्यास सांगते. तुम्ही 'होय' निवडले तर त्याचा खेळ सपशेल पडतो आणि गोष्ट तुम्हाला मागे नेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारते. पुढे जायचे असेल तर 'नाही' म्हणणे भाग! वेताळ पुन्हा झाडावर गेला, तो असा.

२०२२ मध्ये रणवीर सिंग यांना घेऊन 'रणवीर व्हर्सेस वाइल्ड विथ बेअर ग्रिल्स' हा भारतीय सहभागी कार्यक्रमही आला. मात्र २०२४ च्या अखेरीस नेटफ्लिक्सने आपले बहुतेक सहभागी कार्यक्रम काढून टाकले आणि २०२५ च्या मे महिन्यात 'बँडरस्नॅच'ही गेला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. चित्रपटगृहातली बटणे मते मोजत आणि विसरून जात. इंटरनेटवरचे बटण विसरत नाही. 'बँडरस्नॅच'मध्ये आपण केलेल्या निवडी साठविल्या जातात काय, असे २०१९ मध्ये एका संशोधकाने कायद्याचा आधार घेऊन विचारले. तेव्हा कंपनीने त्याच्या निवडींची नोंद त्याच्या हवाली केली. म्हणजे आपण गोष्ट पाहत होतो, तेव्हा आपल्यालाही पाहिले जात होते.

बटणाशिवाय चालणारे काम

मग प्रेक्षक गोष्ट घडवतो हे खोटेच काय? तसे नाही. तो ती घडवतो, पण बहुतेक वेळा बटणाने नव्हे, मनाने.

१९२० च्या सुमारास रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी एक प्रयोग केला. मोझुखिन नावाच्या नटाच्या चेहऱ्याचे एकच, भावहीन दृश्य त्यांनी घेतले आणि ते तीन निरनिराळ्या दृश्यांना जोडले. एकदा सूपाची बशी, एकदा शवपेटीतील मृत स्त्री आणि एकदा खेळणारी लहान मुलगी. त्यांचे सहकारी पुडोव्हकिन यांनी लिहून ठेवले आहे की, प्रेक्षकांना पहिल्या वेळी त्या चेहऱ्यावर चिंतन, दुसऱ्या वेळी दुःख आणि तिसऱ्या वेळी हलके हसू दिसले. नटाच्या अभिनयाची त्यांनी वाहवा केली! चेहरा तर तोच होता. भाव प्रेक्षकांनी आपल्या पदरचा घातला होता.

कुलेशोव्ह यांची मूळ फीत आज उपलब्ध नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत हा प्रयोग पुन्हा करण्यात आला, तेव्हा अपेक्षित परिणाम आढळला नाही. पण २००६ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेणारे यंत्र वापरून केलेल्या प्रयोगात, आणि त्यानंतरच्याही काही प्रयोगांत, आधी दाखविलेल्या दृश्यानुसार त्याच चेहऱ्याबद्दलचे मत बदलते असे दिसले. पुडोव्हकिन सांगतात तितका ठळक परिणाम दर वेळी मिळत नाही, एवढाच याचा अर्थ.

नायक दार उघडून बाहेर पडतो आणि पुढच्याच दृश्यात तो आगगाडीत बसलेला दिसतो. स्टेशन, तिकीट, रांग काहीच दाखविलेले नसते, तरी आपण गोंधळत नाही. मधली जागा आपण भरून काढतो. साधा चित्रपटही दोन दृश्यांमधल्या अशा सांध्यांवरच उभा असतो. बटण नसलेल्या चित्रपटगृहात प्रत्येक प्रेक्षक थोडी वेगळी गोष्ट मनाशी जोडून घरी जातो. म्हणून तर एकच चित्रपट पाहून आलेले दोन मित्र रस्त्यात त्यावरून भांडतात!

वर्गात करून पाहा

पहिला प्रयोग. एका विद्यार्थ्याच्या भावहीन चेहऱ्याचे छायाचित्र घ्या. आणखी तीन छायाचित्रे हवीत : जेवणाचा भरलेला डबा, तुटलेली बॅट आणि तान्हे बाळ. वर्गाचे चार गट करा. तीन गटांना आधी एकेक वस्तूचे छायाचित्र आणि मग चेहरा दाखवा, चौथ्या गटाला नुसता चेहरा. हा माणूस काय विचार करीत असेल, हे प्रत्येकाने एका ओळीत लिहावे. इतर गटांना काय दाखविले हे कोणालाही कळू देऊ नका. मग उत्तरांची तुलना करा. चौथ्या गटाची उत्तरे विशेष महत्त्वाची, कारण इतर गटांत किती फरक पडला हे त्यांच्याशी ताडूनच कळेल.

दुसरा प्रयोग शिक्षकांसाठी. चार प्रश्नांची एक गोष्ट लिहा. सर्व वाटा वेगळ्या ठेवल्या तर ३१ तुकडे लागतील, पण प्रत्येक वेळी वाटा एकत्र आणल्या तर नऊच पुरतील. नऊ तुकड्यांची गोष्ट वर्गाला वाचून दाखवा आणि प्रत्येक प्रश्नावर हात वर करायला सांगून मते घ्या. गोष्ट संपल्यावर विचारा, "तुमच्या मतामुळे शेवट बदलला असे किती जणांना वाटते?" उत्तरे फळ्यावर लिहा आणि मगच न वाचलेले तुकडे वाचून दाखवा.

विद्यार्थिमित्रांनो, तुमची आवड विचारणारी बटणे आज मोबाइलवर आणि दूरचित्रवाणीच्या स्पर्धांत पदोपदी भेटतात. मोठे झाल्यावर आणखी महत्त्वाच्या ठिकाणी तुमचे मत विचारले जाईल. बटण दाबल्यावर दिवा लागला, एवढ्यावर समाधान मानू नका. "मी दुसरे बटण दाबले असते, तर पुढे काय वेगळे झाले असते?" हा प्रश्न विचारा आणि जमेल तेव्हा ते दुसरे बटण दाबूनही पाहा. दोन्ही वाटा जर त्याच जळत्या इमारतीपाशी येत असतील, तर तुम्हाला विचारले गेले खरे, पण निर्णय तुमच्या हाती नव्हता.